न पडण्याचं नाव

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार होतो. गेल्या वर्षी माझा नंबर लागला. सेक्रेटरींनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, "आपले काका एकेकाळचे हेवीवेट बॉक्सर. आयुष्यात कधी पडले नाहीत!" टाळ्या झाल्या, अंगावर शाल आली. मी माइक मागून घेतला आणि म्हटलं, "एकदा पडलो होतो. रिंगमध्ये तेवढं एकच शहाणपणाचं काम केलं." लोक हसले. त्यांना वाटलं काका विनयानं बोलताहेत. विनय माझ्या स्वभावात नाही, हे माझ्या मजल्यावरच्या कोणालाही विचारा. पण समजावून सांगायला वेळ नव्हता, पुढे लहान मुलांचे नाच होते. म्हणून आता सवडीने लिहितो.

माझं गाव कात्रजच्या अलीकडचं. आज ते पुण्यात मोडतं. तेव्हा पुणं लांब होतं आणि आम्हालाही त्याची घाई नव्हती. माझे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी कुस्त्या करायचे. पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये त्यांचं नाव होतं. पुढे गुडघे गेले आणि ते म्हशींमध्ये रमले. तालमीत मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे पाठीला माती लागू द्यायची नाही. पाठ लागली की कुस्ती गेली, मग वर कितीही ताकद असो. हे मी इतक्या लहानपणी ऐकलं की ते मला नियम न वाटता स्वभावच वाटायला लागलं.

कुस्तीत मी बेताचाच होतो. अंग मोठं, पण डाव उशिरा सुचायचे. नोकरीला लागलो मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात तोलणार म्हणून. पोतं काट्यावर चढलं की काटा बघायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, एवढं काम. आवाज खणखणीत होता, नजर पक्की होती. माझ्या पुकाऱ्यावर शेतकरी आणि व्यापारी दोघेही मान डोलवायचे, आणि यार्डात हे दोघे एका गोष्टीवर मान डोलवतात असं फार वेळा होत नाही. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

तिथेच एका निवृत्त सुभेदारांनी मला हेरलं. ते एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी बॉक्सिंग शिकवायचे आणि घरच्या बटाट्यासाठी स्वतः यार्डात यायचे. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "वजन किती?" मी म्हटलं, "ब्याण्णव." ते म्हणाले, "उद्या या." त्यांना माझ्यात काही गुण दिसला असं समजू नका. जिल्ह्यात हेवीवेट मिळत नव्हते, एवढंच.

हेवीवेटची एक चैन असते, ती आधी सांगतो. बाकीच्या वजनगटांना वरची मर्यादा असते. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन होतं, आणि तोपर्यंत ती पोरं उपाशी, जाड स्वेटर घालून मैदानाला चकरा मारत असतात. आम्हाला वरची मर्यादाच नव्हती. मी केळ्यांचा घड घेऊन बसायचो. समोर जिल्ह्यातला माझा एकुलता एक प्रतिस्पर्धी पाव आणि खिमा घेऊन बसलेला असायचा. उपाशी पोरं आमच्याकडे ज्या नजरेनं बघायची, तशा नजरेनं रिंगमध्येही आमच्याकडे कोणी पाहिलं नाही.

हा प्रतिस्पर्धी पेठेतला. त्याच्या घरी तीन पिढ्या पत्र्याच्या ट्रंका बनवायचं काम. दिवसभर हातोडी चालवून त्याचा उजवा हात असा तयार झाला होता की ग्लोव्ह घातला तरी आत हातोडीच आहे असं वाटावं. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही. तो मला पैलवान म्हणायचा.

जिल्ह्याच्या अंतिम लढतीत आमची पहिली गाठ पडली. शाळेच्या मैदानावर मांडव, खुर्च्या, मागे बांबूच्या कठड्याला लटकलेले लोक. आबा आले होते, त्यांच्याबरोबर निम्मं गाव आलं होतं. त्यातल्या कोणाला बॉक्सिंगमधलं काही कळत नव्हतं. जो पडेल तो हरला, एवढं त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या फेरीच्या शेवटी मिस्त्रीचा उजवा माझ्या कानशिलावर बसला. त्यानंतरचं मला तुटक-तुटक आठवतं. सुभेदारसाहेब कॉर्नरमधून ओरडत होते, "गुडघा टेक! आठ मोजू दे!" बॉक्सिंगमध्ये तशी सोय आहे. मार लागला, डोकं सुन्न झालं, तर एक गुडघा टेकून खाली बसायचं. रेफ्री आठपर्यंत मोजतो, तोवर समोरच्याला हात लावता येत नाही. उठायचं आणि पुन्हा लढायचं. साहेबांनी हे मला दहा वेळा सांगितलं होतं. पण गर्दीत मला आबांचा पांढरा पटका दिसत होता. मी बसलो नाही. दुसरी फेरी उभ्यानं खाल्ली, तिसरी उभ्यानं खाल्ली. रेफ्रीनं दोनदा थांबवून माझ्या डोळ्यांत पाहिलं, दोन्ही वेळा मी हसलो. तेव्हा डोक्याला संरक्षक टोपी नसायची. शेवटची घंटा झाली तेव्हा मी उभा होतो आणि मिस्त्रीचा हात वर उचलला गेला होता.

आता गंमत ऐका. जिंकला तो आणि मिरवणूक माझी निघाली. "पडला न्हाई! पडला न्हाई!" करत गावानं मला खांद्यावर घेतलं. गुलाल, फेटा, नारळ, देवळासमोर सत्कार. माझा एक डोळा बंद होता, दुसऱ्यानं मी हे सगळं बघत होतो आणि मला ते अतिशय आवडत होतं. खोटं कशाला बोलू? मिस्त्री त्या दिवशी गळ्यात पदक अडकवून सायकलवरून एकटा घरी गेला. पेठेत त्याला लोक काय म्हणाले ते मला नंतर कळलं. "एवढं मारलंस, आणि एक शेतकरी पाडता आला नाही?"

घरी आबांनी माझ्या तोंडाला हळदीचा शेक दिला. बराच वेळ दिला. बोलले मात्र काहीच नाहीत. आमच्याकडे बापानं मुलाचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्यांचं गप्प बसणं मी कौतुकातच जमा केलं.

आठवड्याभरानं मिस्त्री यार्डात आला. उजवा हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. माझ्याच डोक्यावर त्याची दोन हाडं मोडली होती. मी चहा मागवला. तो डाव्या हातानं बशी सांभाळत म्हणाला, "पैलवान, तुम्ही वेळेवर पडला असतात तर माझा हात वाचला असता." मी म्हटलं, "तुम्ही वेळेवर थांबला असतात तर माझा डोळा." दोघेही खो खो हसलो. दोस्ती तिथून सुरू झाली. पण तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा माणूस दोन महिने हातोडी उचलू शकणार नाही, आणि नंतर उचलेल तीही जपून. एका लढतीत मी न पडून दोघांचं नुकसान केलं होतं.

माझं नाव मात्र वाढलं. लोक मला खांब म्हणायला लागले. पुढच्या दोनेक वर्षांत मला जितकी बोलावणी आली तितकी कुठल्या विजेत्यालाही आली नसतील. आज साताऱ्याला, उद्या नगरला, कुठल्याशा उत्सवात, कुठल्याशा संघाच्या सरावाला. ज्याला आपला उजवा हात तपासून बघायचा असेल तो मला बोलवायचा. मी जायचो. काही लढती जिंकलो, बऱ्याच हरलो, सगळ्या उभ्यानं. लोक मला बघायला यायचे ते मी मारतो म्हणून नव्हे, मार खाऊन उभा राहतो म्हणून. आणि मी त्याला कर्तबगारी समजत होतो.

मग एका सकाळी यार्डात पोतं काट्यावर चढलं. मी मान वळवून काट्याकडे पाहिलं, तर दोन काटे. एक अठ्ठेचाळीसवर, एक बावन्नवर. डोळे चोळले, तरी दोनच. पुकाऱ्यासाठी सगळे थांबलेले. मी अंदाजानं अठ्ठेचाळीस पुकारलं. ज्याचा माल होता तो म्हातारा शेतकरी पुढे आला, वाकून काटा पाहिला आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "पैलवान, बावन हाय." रागावला नाही. त्याला वाटलं असेल, चुकून झालं. मी पुन्हा पुकारलं, बावन्न. यार्डात एवढी वर्षं माझा पुकारा कोणी वाकून तपासला नव्हता. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. रिंगमध्ये कधी वाटली नव्हती.

आमच्या स्पर्धांना जे डॉक्टर बसायचे त्यांचा दवाखाना पेठेत होता. मी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण पडत नाही असं ऐकून आहे. अभिनंदन. आता डोळे मिटून एका पायावर उभे राहा." मी उभा राहिलो आणि तीन आकडे मोजायच्या आत त्यांच्या टेबलावर आदळलो. औषधाच्या दोन बाटल्या खाली गेल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पडलात की."

मग त्यांनी माझं बॉक्सिंगचं पुस्तक मागितलं. प्रत्येक बॉक्सरकडे असं एक छोटं पुस्तक असायचं, त्यात प्रत्येक लढतीची नोंद. त्यांनी पानं उलटली. जागोजाग एकच शेरा होता, गुणांवर पराभूत. ते म्हणाले, "एका ठोशात जो आडवा होतो, त्याच्या पुस्तकात डॉक्टर लिहितो, इतके आठवडे रिंगबंदी. त्याला सक्तीची विश्रांती मिळते, त्याचं डोकं सुधारतं. तुमच्या पुस्तकात काहीच नाही. कागदावर तुम्ही अगदी ठणठणीत. म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा मार खायला मोकळे." पुस्तक मिटून त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं. "सहा महिने काही नाही. त्यानंतर रिंगमध्ये गेलात आणि उभं राहून मार खाल्लात, तर माझ्याकडे येऊ नका. दुसरा डॉक्टर बघा. ज्यांना दोन दोन दिसतं असे पेशंट त्याला आवडत असतील."

सहा महिने मी यार्ड सोडून कुठे गेलो नाही. काटा हळूहळू एक झाला. मी रोज सकाळी पहिलं पोतं चढलं की आधी श्वास रोखून बघायचो, आणि एकच काटा दिसला की पुकारा असा काढायचो की पलीकडच्या फळबाजारात ऐकू जावा.

खेळ तिथेच सोडला असता. पण मिस्त्री पुन्हा आला. त्याची अडचण सरळ होती. एका कारखान्यात खेळाडू म्हणून नोकरीसाठी त्याचं नाव गेलं होतं. ट्रंकांचा धंदा बसत चालला होता, हात पूर्वीचा राहिला नव्हता. त्या लोकांना यंदाचं जिल्ह्याचं विजेतेपद हवं होतं, तेही लढून जिंकलेलं. आणि जिल्ह्यात हेवीवेट दोनच, तो आणि मी. मी उतरलो नाही तर लढतच होणार नव्हती. तो म्हणाला, "मी हरलो तर हरलो. पण लढत होऊ दे, पैलवान." मी हो म्हटलं. त्याच्यासाठी म्हटलं हे खरं, पण पुरतं खरं नाही. मला डॉक्टरांच्या टेबलावरून निवृत्त व्हायचं नव्हतं.

सुभेदारसाहेबांना मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं. त्यांनी ग्लोव्हच्या नाड्या बांधता बांधता एवढंच म्हटलं, "दोन दिसले तर बस. नाही बसलास तर मी टॉवेल टाकून लढत थांबवीन आणि परत तुझं तोंड बघणार नाही."

तोच मांडव, तेच बांबू. गाव आधीपेक्षा जास्त आलेलं, कारण खांब पुन्हा उभा राहणार होता. आबांचा पटका त्याच बाजूला. पहिली फेरी मी चांगली लढलो. डावा हात पुढे ठेवून मिस्त्रीला लांब ठेवलं. त्याचा उजवा आता जपून येत होता. पण दुसऱ्या फेरीत मी आत शिरलो आणि त्यानं जपणं सोडून दिलं. ठोसा कानाच्या वर बसला. मी मान वर केली तर समोर दोन मिस्त्री.

लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला अगदी स्वच्छ सुचलं. मला तो म्हातारा शेतकरी दिसला, वाकून काटा बघणारा. वाटलं, आता उभा राहिलो तर उरलेलं आयुष्य माझ्यामागे कोणीतरी वाकून बघत राहील. कानावर गावाचा आवाज येत होता, "खांब हाय! पडत न्हाई!" आणि मी उजवा गुडघा टेकला.

मांडव एकदम गप्प झाला. मला रेफ्रीचे आकडे ऐकू येत होते, एक, दोन. गावाकडे बघायचं धाडस नव्हतं. आबांकडे तर नव्हतंच. मी ज्या एका गोष्टीसाठी दोन वर्षं डोकं फोडून घेतलं होतं, ती मी त्यांच्या डोळ्यांदेखत टाकून दिली होती. लाज वाटत होती, भयंकर लाज. तीन, चार. आणि त्या शांततेत मागून एक आवाज फुटला, म्हशी हाकून हाकून तयार झालेला.

"गुडघा टेकलाय! पाठ न्हाई लागली! गप का बसलाय रं? पाठ न्हाई लागली!"

आबा उभे राहिले होते. गावाला दटावत होते. बरोबरच होतं त्यांचं. कुस्तीत गुडघे टेकून पैलवान खाली बसतो, वरच्याला दमवतो, मोका बघून उठतो. त्यात कोणी हरत नाही. आबांनी शिकवला होता तो पाठीचा नियम. गुडघ्याचा नियम माझा मीच केला होता आणि त्यांच्या नावावर पाळत होतो.

आठला मी उठलो. समोर मिस्त्री एकच होता. तिसरी फेरी मी जिंकलो, हे त्यालाही मान्य आहे. लढत तो जिंकला, गुणांवर, थोडक्यात. त्या दिवशी मिरवणूक त्याची निघाली, थेट पेठेपर्यंत. खांब पाडणारा म्हणून त्याचं नाव झालं, कारखान्यात नोकरी लागली, तिथूनच तो निवृत्त झाला. दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन तो कोथरूडला येतो आणि माझ्या बायकोसमोर मला चिडवतो, "वहिनी, यांच्या एका गुडघ्यावर माझं घर उभं आहे." माझ्या पुस्तकात त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांचा शेरा पडला, काही आठवडे रिंगबंदी. त्या पानाखाली त्यांनी लफ्फेदार सही केली आणि पुस्तक मला परत देताना पहिल्यांदाच हसले. मी पुन्हा लढलो नाही. यार्डात मात्र निवृत्त होईपर्यंत काटा पाहिला, आणि माझा पुकारा पुन्हा कोणी तपासला नाही.

गावानं आमच्याशी बोलणं कमी केलं. त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये गर्दी होती, तरी आबा आणि मी बसलो होतो त्या बाकाच्या आसपास कोणी आलं नाही. खांब गुडघ्यावर आला हे त्यांना गिळवत नव्हतं. कात्रजकडे जाणारा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतांचा होता. आबा खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे न वळता म्हणाले, "बसाया येत हुतं, तर पहिल्या येळंला का बसला न्हाईस?"

दोन वर्षं मनात घोळवलेलं उत्तर माझ्या तोंडून आपोआप निघालं. "तुमच्यासाठी, आबा."

ते वळले. माझ्या सुजलेल्या कानाकडे पाहत राहिले. आबांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मला इचारलं हुतंस का?" ते म्हणाले.